गाडीच्या पोटातला लाल ठिपका

१

सोनगीरच्या किल्ल्यावर ऊन पोहोचले होते आणि खालच्या रस्त्यावर अजून पोहोचायचे होते, अशा वेळी करड्या रंगाची एक ‘चित्रांग’ गाडी वळणावर न वळता सरळ गेली. ब्रेक किंचाळला नाही, भोंगा वाजला नाही. टपरीवर चहा पिणाऱ्या दोघांनी पंचनाम्यात सांगितले, की झोपेत चालणारा माणूस यावा तशी गाडी बिनआवाजाची आली. ती डाव्या अंगाने कडुलिंबावर आदळली. डाव्या आसनावर राजदीप बैसाणे बसले होते. ते जागीच गेले.

चालक आधार वाचला. रस्त्याच्या कडेला मातीत बसून तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी नही झोपनू. गाडी झोपनी.”

पोलिसांनी या वाक्याचा पहिला भाग खोटा ठरवला आणि दुसरा लिहून घेण्याच्या लायकीचा नाही असे ठरवले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

तीन महिन्यांनी, वैशाखातल्या एका बुधवारी, राजदीप यांची मुलगी मृणाली जळगावात माझ्या दारी आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवते. हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणे आणि कोणत्या नकलनविसाची चूक कोणाच्या पोथीत उतरली ते शोधणे, हे माझे चाळीस वर्षांचे काम. निवृत्तीनंतर मला जिवंत माणसे क्वचितच विचारतात.

तिने टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या : वडिलांची रोजनिशी आणि कंपनीच्या तज्ज्ञाचा अठरा पानी अहवाल.

“मॅडम, सोमवारी आधारभाऊ कोर्टात गुन्हा कबूल करणार आहेत.”

“गुन्हा त्यांनी केला आहे?”

“नाही. पण आता त्यांचीच खात्री राहिलेली नाही.”

२

राजदीप यांनी वरणगावच्या आयुधनिर्माणीत एकतीस वर्षे काडतुसे तपासली. एक काडतूस संशयास्पद निघाले, तर हा माणूस अख्खी पेटी परत पाठवी. रोजनिशीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचाच एक नियम लिहून ठेवला होता : ‘ज्या खुणेचा अर्थ फक्त खूण करणाऱ्यालाच कळतो, ती खूण सदोष समजावी.’

त्यापुढे गाडीचा इतिहास होता.

‘१४ मार्च. पारोळ्याजवळ इंजिन बंद. दिवे, काटे, सगळे विझले. स्टीअरिंग दगड. सात सेकंदांनी आपोआप सुरू. जळगावला दाखवली. शेरा : दोष आढळला नाही.’

धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत मिळून कंपनीची अधिकृत कार्यशाळा एकच, जळगावला. राजदीप धुळ्याहून तिथे अकरा वेळा गेले. अकरा वेळा तोच शेरा मिळाला. कंपनीच्या मुख्यालयाला लिहिलेल्या पत्राला उत्तर आले : ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो, मात्र आपला अनुभव व्यक्तिनिष्ठ आहे.’ जग हा केवळ भास आहे असे म्हणणारे तत्त्ववेत्ते मी पुष्कळ वाचले. त्यांच्यापैकी एकानेही भास विकून वर हमीपत्र दिले नव्हते.

‘२ सप्टेंबर. इंजिनाच्या कंट्रोल बॉक्सवर संशय. झाकणावर लाल रंगाचा ठिपका दिला. नापास.’

‘१९ सप्टेंबर. अकरावी खेप. गाडी परत मिळाली.’

‘३० सप्टेंबर. अकरा दिवस गाडी शांत. एकदाही झोपली नाही. बोनेट उघडले. ठिपका नाही.’

त्याखाली दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ होती : ‘मग माझा बॉक्स कोणाच्या गाडीत आहे?’

कोणताही सुज्ञ ग्राहक इथे पेढे वाटून मोकळा झाला असता. राजदीप यांनी कंपनीला आणखी पाच पत्रे लिहिली. स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितले नव्हते. त्यांची नापास वस्तू कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या पुढ्यात बसली आहे, त्याचे नाव सांगा, त्याला सावध करतो, एवढेच म्हणणे होते.

शेवटची नोंद अपघाताच्या आदल्या दिवशीची. अक्षर मोठे, ओळी वाकड्या : ‘२ फेब्रुवारी. नाव कळले. मांगीलाल, दोंडाईचा. फोनवर नको. उद्या प्रत्यक्ष जाऊन सांगणे.’

म्हणजे ते एका परक्या माणसाला वाचवायला निघाले होते, आणि तेही चार महिने निरोगी असलेल्या गाडीतून. अहवाल नेमके इथेच बोट ठेवत होता. अपघातग्रस्त गाडीतला बॉक्स कारखान्यात बसवलेला मूळचाच आहे, क्रमांक जुळतो, तो कधीही बदललेला नाही. ठिपक्याची कथा हा मृताचा कल्पनाविलास. चार महिने गाडी बंद पडल्याची तक्रार नाही, म्हणून दोष नाही. दोष नाही, म्हणून चालक झोपला.

तर्क निर्दोष होता. निर्दोष तर्काची मला नेहमीच भीती वाटते. कारण मग एकच प्रश्न उरतो : निरोगी गाडी झोपली कशी?

३

आधार धुळ्याला देवपुरात राहतो. मी आणि मृणाली गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता आणि समोरच्या डांबरी रस्त्यावर मृगजळ हलत होते. त्याच्या डोळ्यांखाली काजळ पसरल्यासारखे दिसत होते.

“तीन महिने झाले, नीट झोपेल नही माय,” तो म्हणाला. “डोळा लागला की ती गाडी सरळ जास. कडुलिंब येस. मग उठी बसस.”

“त्या सकाळी काय झालं?”

“बठ्ठं शांत झालं, सगळंच. आवाज गया, दिवा गयात. साहेब काहीतरी बोलत होते, त्यांचा आवाज तेवढा आला, जसा सपनमा येस. स्टीअरिंग फिरेना. मग झाड.” त्याने तळहात उलटेसुलटे करून पाहिले. “वकील म्हणतात, झोपलेल्या माणसालाही असंच वाटतं. आदल्या रात्री मी गल्लीत गाणं ऐकायला गेलो होतो, हेही खरं. कबूल केलं तर शिक्षा कमी होईल. आणि झोपलो असेन तर कबूल करायलाच पाहिजे ना?”

“राजदीप साहेब काय बोलत होते?”

“म्हणत होते, ‘आधार, शेटजी आपल्याला येडं समजतील.’ आणि हसत होते.”

मी विचारले, की गाडीला शेवटचा हात कोणी लावला होता.

“एक तारखेला जळगावहून फोन आला. फुकट तपासणी करून देतो म्हणे. साहेबांचा मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला पट्टी, वाकायला मनाई. ऑक्टोबरपासून ते रोज सकाळी बोनेट उघडून बघायचे. तेही आठ दिवस बंद होतं. म्हणून गाडी मीच नेली अन् मीच आणली.”

“काही वेगळं दिसलं?”

त्याने मृणालीकडे पाहिले, मग रस्त्याकडे. “नाही. उलट गाडी बरी वाटली. निघताना मी तिला हात जोडले. साहेबांना न दिसता.”

“रोज जोडता?”

“नाही,” तो हळूच म्हणाला. “त्याच दिवशी.”

४

कार्यशाळेच्या काचेच्या खोलीत इतका गारठा होता, की बाहेरचे बेचाळीस अंश कोणीतरी भिंतीवर लावलेले चित्र वाटत होते. सेवा व्यवस्थापक अखिल पस्तिशीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला आणि अतिशय नम्र. त्याने सगळी जॉबकार्डे समोर मांडली.

“बघा मॅडम. प्रत्येक वेळी तपासलं. एकही पार्ट बदललेला नाही. काकांना आम्ही घरच्यासारखं मानायचो.”

“म्हणूनच उत्तर दिलं नाही?”

तो हसला. “वय झालं की माणूस आवाज ऐकतो, मॅडम. आमच्याकडे असे बरेच काका येतात.”

“फेब्रुवारीच्या तपासणीला तुम्हीच बोलावलं होतंत.”

“सद्भावना म्हणून.”

काचेपलीकडे एक वयस्क मिस्त्री पाना पुसत उभा होता. खिशावर नाव शिवलेले होते : झुलाल. तो पाण्याचा पेला घेऊन आत आला आणि “घ्या अक्का” म्हणून रेंगाळला.

मी अखिलला म्हटले, “राजदीपना तेव्हा बोनेट उघडून पाहताही येत नव्हतं. डोळ्याला पट्टी होती.”

पेला झुलालच्या हातून फरशीवर पडला.

“पट्टी?” तो म्हणाला. “साहेबांच्या डोळ्याला?”

“झुलालभाऊ, तुम्ही कामावर जा,” अखिल म्हणाला. त्याच्या आवाजातली नम्रता तशीच होती, फक्त तिच्यातली ऊब गेली होती.

गाडी दुरुस्त करणारा माणूस मालकाच्या डोळ्याबद्दल ऐकून पांढराफटक का पडावा?

५

त्या संध्याकाळी मी अहवाल पुन्हा वाचला, पोथी वाचतात तसा : मजकूर नंतर, समास आधी. लबाडी मजकुरात क्वचितच सापडते, कारण तिथे लेखक सावध असतो. चौदाव्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ होती.

‘बॉक्सच्या झाकणावर धार्मिक चिन्ह, तपासाशी असंबद्ध.’

मी मृणालीला फोन लावला. “तुमच्या घरी गाडीची पूजा झाली होती?”

“आमच्या घरी?” ती थकल्या आवाजात हसली. “गाडी आणली तेव्हा बाबांनी बुद्धवंदना घेतली आणि टायरमधली हवा तपासली. आधारभाऊंनी दसऱ्याला चाकाला झेंडूची माळ घातली, त्यावर बाबांनी त्यांना अर्धा तास कार्यकारणभाव समजावला. बिचारे तेव्हापासून बाबांसमोर देवाचं नावही काढत नव्हते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनगीरला गेलो. पोलीस चौकीमागे गाडी उन्हात उभी होती. डावी बाजू चुरलेली, उजवी अजून विकत घ्यावी अशी. हवालदाराने मृणालीचा अर्ज वाचला आणि पहारीने बोनेट उचकटले.

उजव्या कोपऱ्यात तो बॉक्स होता. झाकणावर तुपात कालवलेल्या कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक. चारही भुजा सुबक, तुपामुळे चिकटून टिकलेल्या. एका खाचेत तांदळाचा दाणा अडकलेला. आणि मधोमध, जिथे भुजा एकमेकींना छेदतात तिथे, लाल रंग जरा जास्तच लाल होता.

मी रुमालाचे टोक भिजवून फक्त मध्य हलकेच टिपला. कुंकू रुमालावर आले. खालचा ठिपका आला नाही. तो ऑइलपेंटचा होता.

मृणाली पुटपुटली, “बाबांचा.”

ठिपका खाली आणि कुंकू वर. हस्तलिखितात शाईवर शाई चढते तेव्हा कोणती आधीची हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. हा बॉक्स राजदीप यांचाच होता. तो जिथे सातिया काढतात अशा घरी जाऊन आला होता. आणि परत आला होता.

६

दोंडाईच्याच्या मांगीलाल शेटजींच्या वखारीपुढे वाळत घातलेल्या मिरच्यांचे लालभडक गालिचे होते. हवा इतकी तिखट, की सगळे गाव धूसर, डोळ्यांत पाणी घेऊनच दिसते. शेटजींनी आम्हाला ओट्यावर बसवले, ताक मागवले.

“बाईसाहेब, बैसाणे साहेबांना मी कधी पाहिलंही नाही. ते माझ्याकडे येत होते?”

“तुम्हाला सावध करायला. तुमची गाडी चालता चालता बंद पडायची का?”

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. “ऑक्टोबरपासून. चार वेळा. नात गाडीत असताना एकदा. जळगावला गेलो की म्हणायचे, दोष नाही. जानेवारीत मी अखिलला सांगितलं, आता गाडी तुझ्या काचेच्या खोलीत घुसवून बंद पाडतो, मग तुला दोष दिसेल. महिनाअखेरीस त्याने गाडी नेली, दोन तारखेला परत दिली. तेव्हापासून एकदम बरोबर.”

“बदललं काय, ते सांगितलं?”

“म्हणाला, काहीच नाही. सद्भावना.”

त्यांची सून चेलना दारात उभी राहून ऐकत होती. “बाबूजी, माझा सातिया पुसला होता,” ती म्हणाली. “मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“कुठला सातिया?” मी विचारले.

“आमच्याकडे दिवाळीला गाडीच्या काचेवर नाही, पोटात सातिया काढतात. तराजू असो, गिरणी असो, जिथून ती चालते तिथे. मी बोनेट उघडलं, तर त्या डब्यावर आधीच कोणी लाल टिळा लावलेला. मला वाटलं, कंपनीतच पूजा करून पाठवत असतील. शुभ आहे, म्हणून त्यालाच मध्य धरून काढला.” तिने मोबाईल पुढे केला. “नणंदांना फोटोही पाठवलेला.”

फोटोत सातिया होता, डब्यावरचा क्रमांक होता, लक्ष्मीपूजनाची तारीख होती. मृणालीने अहवाल उघडून क्रमांक ताडला. तोच.

मांगीलालांच्या गाडीचे बोनेट उघडले, तेव्हा तिथला डबा कोरा करकरीत होता. कधीच कुंकू न लागलेला.

एका माणसाने ‘नापास’ म्हणून केलेली खूण दुसऱ्या घरी मंगल टिळा म्हणून वाचली गेली होती. चेलना आमच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिली. “काय होता तो टिळा?” तिने विचारले.

मृणालीने तिला सांगितले. ती खाली मिरच्यांजवळच बसली.

७

शनिवारी मी आणि मृणाली पुन्हा त्या गार खोलीत गेलो. मी झुलालला आत बोलवायला सांगितले. अखिलने नकार दिला. झुलाल मात्र न बोलावताच आला आणि दार लावून घेतले.

मी म्हटले, “कंपनीकडे नवा बॉक्स मागवला असता, तर दोष नोंदला गेला असता. इथे दोष नोंदायचे नाहीत, असा शिरस्ता दिसतो. म्हणून सप्टेंबरात राजदीप यांचा आजारी बॉक्स मांगीलालांच्या गाडीत गेला आणि त्यांचा निरोगी बॉक्स राजदीपांच्या. लॅपटॉप लावून दोन्ही जुळवून घेतले. पुढे शेटजी गरम झाले आणि इकडे राजदीप ‘माझा बॉक्स कुठे’ म्हणून पत्रे लिहीत राहिले. दोन्ही तक्रारींवर तुम्ही एकच औषध काढलंत : अदलाबदल उलटी करायची. क्रमांक पुन्हा जुळले. ठिपका पुन्हा जागेवर आला. चोराने ऐवज परत आणून ठेवला की चोरी झालीच नाही, असा हा हिशेब.”

अखिल शांतपणे म्हणाला, “मॅडम, बॉक्स त्यांचाच होता. त्यांचा त्यांना परत दिला. यात गुन्हा कुठे आहे?”

इतके नितळ वाक्य मी कोणत्याही शतकाच्या लेखनात वाचलेले नाही.

“आणि हे सिद्ध कसं करणार?” त्याने विचारले. “कुंकवावरून?”

“माझ्यावरून,” झुलाल म्हणाला.

तो माझ्याकडे वळला. “दोन्ही वेळा मीच बसवला, अक्का. शेटजींचं नाव साहेबांना मीच सांगितलं, दोन तारखेला, घरच्या फोनवरून. माझ्या मनाला खात होतं. एक तारखेला बसवताना हे अखिलसाहेब म्हणाले, झाकण पुसून घे. मी नही पुसं. पूजानं कुंकू शे ते, कसं पुसू? आणि पुसलं नाही ते बरंच, असं वाटलं. साहेब रोज सकाळी बोनेट उघडतात. एवढा मोठा सातिया दिसेल, मध्ये आपला ठिपका दिसेल. ते गाडी बाहेरच काढणार नाहीत. मी तोंडाने नाही सांगितलं. नोकरी होती. म्हटलं, कुंकू सांगेल.”

“त्यांच्या डोळ्याला पट्टी होती,” मृणाली म्हणाली.

“हो,” झुलाल म्हणाला. “ते मला परवा कळलं.”

अखिलने फोन उचलला, मुख्यालयाला लावला आणि बराच वेळ कोणी उचलण्याची वाट पाहत राहिला.

८

सोमवारी धुळ्याच्या न्यायालयात आधारने गुन्हा कबूल केला नाही. झुलालचे शपथपत्र, चेलनाचा फोटो आणि सोनगीरच्या चौकीमागचा तो बॉक्स यांच्या आधारे पुढील तपासाचा आदेश झाला आणि बॉक्स सरकारी प्रयोगशाळेकडे गेला. कंपनीने पत्रक काढले. त्यात ‘स्थानिक पातळीवरील व्यक्तीचे वर्तन’ हा शब्दप्रयोग चार वेळा होता आणि ‘दोष’ हा शब्द एकदाही नव्हता. त्या चार महिन्यांत आणखी किती डबे किती पोटांतून फिरले, हे विचारणारे पत्र मृणालीने त्याच दिवशी टाकले. वडिलांची जुनी पत्रे तिने त्याला क्रमांक घालून जोडली.

मला जळगावला सोडायला निघालेल्या भाड्याच्या जीपमध्ये आधारही आमच्याबरोबर मागे बसला होता. धुळे मागे पडल्यावर तो पुढे वाकला. मग म्हणाला, “ताई, एक सांगायचं राहिलं.”

मृणालीने मागे वळून पाहिले.

“ते कुंकू मी पाहिलं होतं. गाडी आणली त्या दिवशी, पाणी टाकताना. मला वाटलं, कार्यशाळेवाल्यांनी पूजा केली. बरं वाटलं. म्हणून सकाळी हात जोडले. साहेबांना सांगितलं नाही. म्हटलं, परत चिडतील. सांगितलं असतं, तर ते बोलले असते, मध्ये ठिपका आहे का बघ.” त्याने पुढच्या आसनाची कड धरली. “मी सांगितलं असतं तर?”

जीपबाहेर ऊन हलत होते. दूरचे लिंब पाण्यात उभे असल्यासारखे दिसत होते. चाळीस वर्षांत मी फक्त मेलेल्यांच्या चुका तपासल्या; त्या प्रश्न विचारत नाहीत.

मृणालीने पिशवीतून रोजनिशी काढली, पहिले पान उघडले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

“वाचा,” ती म्हणाली.

आधारने बोट ठेवून, अडखळत वाचले. “‘ज्या खुणेचा अर्थ फक्त खूण करणाऱ्यालाच कळतो, ती खूण सदोष समजावी.’”

“ठिपक्याचा अर्थ बाबांनी तुम्हाला सांगितला होता?”

“नाही.”

“रोज तुम्ही गाडी चालवत होतात, आणि तुम्हालाच सांगितला नाही. हा दोष तपासनीसाचा आहे, आधारभाऊ. ते स्वतः असते तर त्यांनी हेच लिहिलं असतं. त्यांचा दोष मी नोंदवून घेते. तुम्ही ठेवून घेऊ नका.”

तिने रोजनिशी परत घेतली आणि अपघाताच्या तारखेपुढे, कोऱ्या पानावर, खरोखरच ते लिहिले. कारखाना, कार्यशाळा, व्यवस्थापक, सगळ्यांच्या शेऱ्यांनंतर हा पहिलाच शेरा होता ज्यात दोष आढळला होता.

लिहून झाल्यावर तिने आधारला दाखवण्यासाठी मागे पाहिले.

तो खिडकीला डोके टेकून झोपला होता. जीप खड्ड्यातून गेली, डोके काचेवर आपटले, तरी त्याला जाग आली नाही. मृणालीने चालकाच्या खांद्याला हात लावून गाडी हळू घ्यायला सांगितले.